पडद्यावरच्या गावात एकच वाडा

आपल्या पोरांच्या मोबाईलमध्ये सध्या एक जुनं गाव नव्यानं वसलं आहे. पार, बैलगाडी, कौलारू घरं, मुंडासं बांधलेले म्हातारे, धोतराचा सोगा हातात धरून सावकाश बोलणारा पाटील आणि गॅसबत्तीच्या उजेडातला तमाशाचा फड. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मराठी सिनेमांचे तुकडे कापून त्यांचे रील आणि मीम बनवले जातात आणि 'आमचं गाव', 'गावची माती', 'जुनं ते सोनं' असं लिहून पुढे ढकलले जातात. त्यात सगळ्यात जास्त फिरतं ते निळू फुले यांच्या नावावर चालणारं 'बाई, वाड्यावर या'. हे मीम आम्ही आमच्याच कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर पाहिलं. प्रोफाईलला बाबासाहेबांचा फोटो, नावापुढे निळा झेंडा आणि खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

हे बोलावणं कुणाला होतं, एवढं तरी विचारायला हवं. पाटलाच्या भावकीतल्या बाईला कुणी वाड्यावर बोलवत नव्हतं. बोलावणं होतं अंगण झाडणारीला, सरपण घेऊन येणारीला, खळ्यावर राबणारीला. जिच्या नवऱ्याला 'नाही' म्हणायची सोय नव्हती, तिला. आपल्या आज्यांना वाड्यावर जाणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. त्यांना यावर हसू आलं नसतं. आणि खुद्द निळू फुले? ते राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते होते, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते, डॉ. श्रीराम लागू यांच्या बरोबरीनं सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटले. त्यांनी तो पाटील उभा केला तो बघणाऱ्याला त्याची किळस यावी म्हणून. पन्नास वर्षांत किळस गळून गेली आणि मिश्किलपणा तेवढा शिल्लक राहिला.

वाडा हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. एक पाटलाचा वाडा आणि दुसरा महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा. या दोन्ही वाड्यांशिवाय महाराष्ट्रातलं गाव पुरं होत नव्हतं, कारण पहिल्या वाड्याचं सगळं काम दुसऱ्या वाड्याच्या जिवावर चालत होतं. गाजलेल्या जुन्या ग्रामीण सिनेमांना मात्र एकच वाडा दिसतो. हे सिनेमे गावकुसाबाहेरच्या वस्तीतून कला घेतात, बाई घेतात, हलगी घेतात, एका अतिशय चांगल्या सिनेमानं तर मेलेला माणूससुद्धा घेतला. पण त्या वस्तीत कॅमेरा जात नाही. आणि नेमक्या ज्या वर्षांत हे सिनेमे बनले, त्याच वर्षांत ती वस्ती गावाशी शतकांतलं सगळ्यात मोठं भांडण मांडून उभी होती.

आम्ही या सिनेमांवर बंदी मागत नाही, की 'ब्राह्मणी' असा शिक्का मारून ते निकालात काढत नाही. असं करणं सोपं आहे आणि त्यातून काही हाती लागत नाही. हे सिनेमे आपल्या आईबापांनी जत्रेतल्या तंबूत, पडद्याच्या अगदी पुढ्यात जमिनीवर बसून पाहिलेले आहेत. कुठं बसायचं हेही काही गावांत ठरलेलं असे, असं आमच्या घरातली वडीलधारी माणसं सांगतात. त्यांच्या घामाचे पैसे या सिनेमांच्या तिकिटात गेले आहेत. तेव्हा हिशेब मागायचा हक्क आपला आहे.

सुरुवात १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'पासून करू. दिग्दर्शक अनंत माने, भूमिका हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांच्या. पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा सिनेमा १३१ आठवडे चालला. गावावर हुकूमत गाजवणाऱ्या पाटलाचं पाप एक तमासगीर पोरगी भर फडात, त्याच गावासमोर कहाणी म्हणून मांडते. पाटलाचा गुन्हा चारचौघांत बोलून दाखवणारी बाई ही १९५९ साली लहान गोष्ट नव्हती, आम्ही ती लहान करत नाही. पण चिमाचं मूळ पाहा. ती फडात वाढलेली आहे, जन्मानं मात्र शेतकरी घरातली. तमाशाच्या समाजातच जन्मलेल्या, कोल्हाटी, महार किंवा मांग घरातल्या मुलीवर पाटलानं हात टाकला असता तर प्रेक्षकाला तेवढाच राग आला असता का? सिनेमा बनवणाऱ्यांना बहुधा तशी खात्री नव्हती. अन्याय मोठा वाटावा म्हणून बाई 'चांगल्या घरची' निघावी लागते, हा नियम पुढे कितीतरी तमाशापटांनी पाळला.

आता त्याच १९५९ साली खऱ्या गावात काय चाललं होतं? धम्मदीक्षेला तीन वर्षं झाली होती. आपल्या माणसांनी मेलेली गुरं ओढायचं सोडलं होतं, येसकरकी सोडली होती, दारोदार भाकर मागायचं सोडलं होतं. त्याची किंमत म्हणून कुठं पाणी तुटलं, कुठं मजुरी बंद झाली, कुठं अख्ख्या वस्तीवर बहिष्कार पडला. ज्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं होतं, ते वतन रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि त्याची अंमलबजावणी १९५९ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि हजारो माणसं तुरुंगात गेली. म्हणजे पाटील आणि गाव यांच्यातलं खरं नाट्य गावकुसाबाहेर चाललं होतं. कॅमेरे त्याच मुलखात फिरत होते, त्याच नदीकाठी लावले जात होते. पण त्यांची तोंडं फडाकडे होती.

तेरा वर्षांनी, १९७२ साली, व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' आला. एका आदर्श गुरुजीला तमाशाची नाची नादाला लावते, ही मूळची जर्मन सिनेमातली गोष्ट त्यांनी मराठी मातीत आणली. आणणं इतकं बेमालूम होतं की आज कुणाला ती परकी वाटत नाही. गुरुजी तमाशाचा फड गावाबाहेर घालवतो, चंद्रकला सूड घ्यायचं ठरवते आणि शेवटी तोच गुरुजी फडात तुणतुणं धरून उभा राहतो. गावाला वाटतं गुरुजी मेला, म्हणून गाव त्याचा पुतळा बसवतं. आणि तो माणूस स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जायला तयार होतो, कारण पुतळ्याला धक्का लागू नये. लागूंचा अभिनय, राम कदमांचं संगीत, खेबुडकरांची गाणी, संध्याचं नृत्य, सगळं मान्य. पण या कथेत वाचवायचं काय आहे? गावाचा आदर्श. आणि त्या आदर्शाला धोका कुणाकडून आहे? नदीपलीकडे राहुटी टाकलेल्या बाईकडून.

हे समीकरण शांतारामांनी शोधलेलं नाही, ते पेशवाईइतकं जुनं आहे. लावणी कलावंतांवर शर्मिला रेगे यांनी जे काम केलं, ते आंबेडकरी चळवळीतल्या प्रत्येक मुलामुलीनं वाचावं असं आहे. खालच्या मानलेल्या जातीतली बाई मुळातच कामातुर आणि सगळ्यांना उपलब्ध असते, ही प्रतिमा लावणीच्या दरबारी आश्रयातून कशी घडवली गेली, ते त्यांनी दाखवलं. बाईचं शरीर वापरायची सोय वरच्या जातींना हवी होती आणि दोष मात्र बाईच्या स्वभावावर टाकायचा होता. 'पिंजरा' त्याच वाटेवरून जातो. गुरुजी घसरला तर ती शोकांतिका होते. चंद्रकला त्या धंद्यात कशी आली, तिच्या आईला दुसरा कोणता धंदा खुला होता, हा प्रश्न त्या गावाला पडत नाही, मास्तरालाही पडत नाही आणि दिग्दर्शकालाही पडत नाही.

तमाशा समाजाकडे दुसरं काही नव्हतंच, असंही म्हणता येत नाही. १९३० च्या दशकापासून भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले होते. तमाशाचाच घाट, तीच ढोलकी, तोच सवालजवाब. पण शृंगार काढून टाकला आणि त्या जागी शिक्षण, पाणवठा, मेलेलं जनावर, मंदिरप्रवेश हे विषय आणले. एखादी लोककला आपल्याच कलावंतांनी आतून बदलली आणि ती रातोरात गावोगाव पोहोचली, ही घटना जगातल्या कुठल्याही सिनेमावाल्याला मोहात पाडणारी आहे. तमाशापटांच्या त्या सगळ्या लाटेत जलसा कुठं दिसतो ते आम्ही शोधलं. आम्हाला सापडला नाही.

'पिंजरा' ज्या वर्षी थिएटरात गर्दी खेचत होता, त्याच १९७२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या बावडा गावात दलितांवर सामाजिक बहिष्कार पडला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची नग्न धिंड काढली गेली. जुलैमध्ये मुंबईत दलित पँथर जन्माला आली. एका पडद्यावर गावाचा आदर्श जपला जात होता आणि दुसरीकडे गाव हे करत होतं.

आता 'सामना'. यावर आम्ही जास्त थांबणार आहोत, कारण या सगळ्या सिनेमांत तो सगळ्यात धाडसी आहे आणि म्हणूनच त्याला सगळ्यात कठीण प्रश्न विचारले पाहिजेत.

जब्बार पटेल यांचा हा पहिला सिनेमा १९७४ साली तयार झाला, लेखन विजय तेंडुलकरांचं. पुढच्या वर्षी तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. हिंदुराव धोंडे पाटील हा जुन्या तमाशापटातला मिशा पिळणारा पाटील नाही. तो सहकाराच्या काळातला सत्ताधीश आहे. साखर कारखाना, संस्था, सरकारी माणसं, सगळं त्याच्या खिशात. पश्चिम महाराष्ट्रातली खरी सत्ता कशी चालते ते इतक्या उघडपणे आधी कुणी दाखवलं नव्हतं, आणि ज्यांच्याबद्दल सिनेमा बोलत होता तीच मंडळी तेव्हा राज्य करत होती. या गावात एक दारुडा, म्हातारा, स्वातंत्र्यलढ्यातला मास्तर भटकत येतो. हिंदुराव त्याला आसरा देतो. मास्तराच्या कानावर एक नाव पडतं आणि तो विचारू लागतो, मारुती कांबळेचं काय झालं? हा प्रश्न सिनेमातून बाहेर पडला आणि मराठीतली म्हणच होऊन बसला. आज एखादी फाईल गायब झाली तरी लोक हेच विचारतात.

म्हण झाली, कांबळे मात्र मागे राहिला.

मारुती कांबळे हा फौजेतून परतलेला माणूस आहे. सिनेमा त्याच्या जातीला कथेच्या मध्यावर आणत नाही, आडनावावर भागवतो. पण कांबळे, तेही फौजी, हे दोन शब्द शेजारी आले की आपल्या डोळ्यापुढे एक अख्खा इतिहास उभा राहतो. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला आले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. महारांची लष्करभरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १९१० साली सरकारकडे अर्ज करणारे पुढारी होते शिवराम जानबा कांबळे. एवढा आग्रह का? फौजेत पगार मिळतो, अक्षरओळख होते, हे तर आहेच. पण गावाच्या दृष्टीनं सगळ्यात धोकादायक गोष्ट म्हणजे पेन्शन. ज्याला दर महिन्याला सरकारकडून चार पैसे येतात त्याला पाटलाच्या खळ्यावरचं बलुतं लागत नाही. ज्याला बलुतं लागत नाही तो जोहार घालत नाही. तो ताठ चालतो, इस्त्रीचा सदरा घालतो, पोरांना शाळेत घालतो, चावडीवर कागद मागतो. आपल्या वस्त्यांतल्या पहिल्या बंडखोरांत इतके पेन्शनर का सापडतात, त्याचं कारण हे आहे.

म्हणजे मारुती कांबळे हिंदुरावाच्या डोळ्यात का खुपला असेल, याचं उत्तर आपल्याला सिनेमापेक्षा जास्त माहीत आहे. सिनेमा सांगतो की एक प्रामाणिक माणूस भ्रष्ट सत्तेच्या आड आला. ते खरंच आहे. पण हिंदुरावासारख्याच्या आड रोज कितीतरी प्रामाणिक माणसं येतात. त्यातल्या काहींना गप्प करायला पैसा लागतो, काहींना पद लागतं. कांबळेचा काटा काढणं स्वस्त पडतं. हा जो भावातला फरक आहे त्याला आम्ही जात म्हणतो, आणि 'सामना' त्या भावाबद्दल बोलत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारणाऱ्याची. कांबळेबद्दल विचारतो तो मास्तर, बाहेरून आलेला. सिनेमाची सगळी सद्सद्विवेकबुद्धी त्याच्या झोळीत आहे. कांबळेची भावकी, त्याचे शेजारी, त्याच्याबरोबर वाढलेली माणसं यांना हा प्रश्न पडला नसेल? त्यांना रात्रीची झोप लागली असेल? कांबळे ही सिनेमात एक गैरहजेरी आहे, आणि त्या गैरहजेरीवर झुंज चालते दोन बलदंड नटांची, फुले आणि लागूंची. झुंज अप्रतिम आहे. आम्ही ती कितीही वेळा पाहू.

पण १९७४ मध्ये प्रत्यक्षात हा प्रश्न कोण विचारत होतं? त्या सप्टेंबरात अकोला जिल्ह्यातल्या धाकली गावात गवई बंधूंचे डोळे काढले गेले. घरातल्या मुलीवर झालेल्या अन्यायाची दाद मागणं हा त्यांचा गुन्हा होता. त्या डोळ्यांचा जाब कुठल्या गांधीवादी मास्तरानं विचारला नाही. तो मुंबईच्या चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या पँथरच्या पोरांनी रस्त्यावर उतरून विचारला. आणि तेंडुलकरांना ही पोरं अनोळखी नव्हती. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ची प्रस्तावना त्यांनीच लिहिली, त्यासाठी ढसाळांसोबत त्या वस्तीत फिरले. दलित तरुण स्वतः बोलतो, ओरडतो, शिव्या देतो, जाब विचारतो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. तरीही पटकथा लिहायला बसल्यावर प्रश्न मास्तराच्या तोंडी गेला. आम्ही तेंडुलकरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. इतक्या धारदार लेखकालासुद्धा गावातला कांबळे बोलताना ऐकू आला नाही, ही गोष्ट त्यांच्या एकट्याच्या दोषापेक्षा खूप मोठी आहे.

समाजशास्त्रातही नेमकं हेच घडलेलं आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडच्या ज्या गावाचा अभ्यास केला, ज्याला त्यांनी रामपुरा हे नाव दिलं, तिथं ते गावप्रमुखाच्या जागेत राहिले. आपण गाव पाहिलं ते वरच्या जातींच्या बाजूनं, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केलं. ज्याच्या ओसरीवर तुम्ही उतरता त्याच्या ओसरीवरून जेवढं दिसतं तेवढंच तुमचं गाव. आपल्या सिनेमाची मंडळी कोल्हापुरात उतरली. स्टुडिओ तिथं, आजूबाजूला डोंगर, नदी, वाडे आणि मदतीला तत्पर वाडेवाले. म्हणून मराठी सिनेमातलं 'गाव' म्हटलं की आजही कोल्हापूर-साताऱ्याची बोली आणि उसाचा पट्टा. जिथं बौद्धांची वस्ती दाट आहे तो विदर्भ आणि जिथं बहिष्काराच्या कहाण्या घरोघरी आहेत तो मराठवाडा त्या गावात फारसा नाहीच. आणि कोल्हापूरचंसुद्धा कोणतं कोल्हापूर? शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात महार वतन १९१८ मध्येच बंद केलं होतं. मार्च १९२० मध्ये माणगावला परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब, आणि महाराज स्वतः तिथं येऊन म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. स्टुडिओपासून सकाळी निघून दुपारी परतता येईल एवढ्या अंतरावर हे घडलं होतं. त्यावर ग्रामीण चित्रपट का निघाला नाही?

यावर नेहमीचं एक उत्तर असतं: अहो, तेव्हा तसं लिहिलेलंच नव्हतं, सिनेमावाले कथा आणणार कुठून. हे खोटं आहे. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ ची, म्हणजे 'सांगत्ये ऐका'च्याच वर्षाची, आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिच्यात मांगवाडा गावाच्या कडेला नाही, गोष्टीच्या मधोमध आहे. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चा. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. आणि सिनेमावाले अण्णा भाऊंकडे गेलेही होते! 'वैजयंता' १९६१ साली आला, 'वारणेचा वाघ' १९७० साली, 'फकिरा'वरही सिनेमा निघाला, शिवाय आणखी तीन-चार. पण लोकांच्या आठवणीत काय राहिलं? फडावरची वैजयंता आणि वारणेचा बंडखोर. मांगवाड्यातली भूक पडद्यावरून लोकांच्या मनात उतरली नाही. 'वारणेचा वाघ' आवडीनं पाहिलेल्या पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी माणसांना आम्ही विचारलं की ही गोष्ट कुणाची. नाव ठाऊक नव्हतं. अण्णा भाऊ जुलै १९६९ मध्ये हलाखीत गेले, त्यांच्या गोष्टींवर लोक थिएटरात शिट्ट्या मारत असताना.

शेजारच्या कर्नाटकात काय झालं तेही पाहू. शिवराम कारंतांच्या कादंबरीवर ब. व. कारंत यांनी १९७५ मध्ये 'चोमन दुडी' केला. चोमा हा वेठबिगार अस्पृश्य. घरी बैल आहेत, पण जमीन कसायची मुभा नाही. एक तुकडा जमीन, एवढंच त्याचं मागणं. राग आला की तो ढोल बडवतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं. त्यातही आम्हाला खटकणारं बरंच आहे, चोमा एकटा आहे, त्याच्या मागे चळवळ नाही, तो फक्त संपत जातो. तरी कॅमेरा त्याच्या झोपडीत आहे, त्याच्या पोरांच्या अंथरुणापाशी आहे. म्हणजे त्या काळात हे जमत होतं. 'जैत रे जैत'मध्ये, १९७७ साली, जब्बार पटेलांनीच ठाकर आदिवासींना नायक-नायिका केलं आणि नवरा सोडून आपल्या मनाच्या माणसाकडे जाणारी चिंधी स्मिता पाटीलनं काय ताकदीनं उभी केली! तेव्हा प्रश्न कुवतीचा नव्हता. डोंगरावरच्या आदिवासीकडे जायला वाट गावातून जात नव्हती. महारवाड्याकडे जायला गावातूनच जावं लागतं आणि गावाला तोंड दाखवावं लागतं. (दादा कोंडके यांच्या सिनेमांबद्दल आम्ही इथं मुद्दाम काही लिहीत नाही. त्यांचं प्रकरण निराळं आहे, गिरणगावाला धरून स्वतंत्रपणे लिहावं लागेल.)

आमचे काही मित्र म्हणतात की सिनेमा ही करमणूक, तिच्यामागे एवढं कशाला लागता. निदान पाटलाला खलनायक तरी केलं ना. केलं, त्याबद्दल आम्ही आधीच चांगलं बोललो आहोत. पण खलनायक पाटील हा नेहमी एक वाईट माणूस असतो. तो मेला, तुरुंगात गेला किंवा त्याला पश्चात्ताप झाला, की गाव पुन्हा गोड होतं. सिनेमा संपतो तेव्हा वाईट गेलेलं असतं आणि गाव उरलेलं असतं. बाबासाहेबांचं म्हणणं याच्या नेमकं उलट होतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याचं गुणगान करणाऱ्यांना जे सुनावलं, ते एखाद्या वाईट पाटलाबद्दल नव्हतं. खेडं नावाच्या रचनेबद्दल होतं. त्याआधी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहती मागणारा ठराव झाला तोही याच कारणानं. चांगल्या स्वभावाचा पाटील असलेल्या गावातही आपल्याला पाणी वरूनच ओतलं जात होतं.

म्हणून रीलमधल्या त्या गावाची आम्हाला काळजी वाटते. जी पोरं खैरलांजीनंतर जन्मली किंवा तेव्हा पाळण्यात होती, ती आज अठरा-वीस वर्षांची आहेत. त्यांनी गाव पाहिलेलं नाही. आईबाप पिंपरीत, कल्याणात, नागपूरच्या वस्तीत आले आणि गाव सुटलं. २००६ साली भंडारा जिल्ह्यातल्या एका गावानं भोतमांगे कुटुंबाचं काय केलं, ते त्यांनी भाषणात ऐकलंय, पण डोळ्यांपुढे रोज येतं ते मीममधलं गाव. त्यांना वाटतं तो पार आपलाही होता. त्या पारावर आपल्या आज्याला बसता येत होतं का, हे विचारायला घरात आता आजा नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त, २०१३ साली, गावातला वाडा अखेर बदलला. कॅमेरा कैकाड्याच्या घरात गेला आणि तिथून गावाकडे पाहू लागला. मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन घरची माणसं शाळेच्या भिंतीवरून जातात आणि भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले असतात. ते दृश्य ज्याला कळलं त्याला वेगळं काही सांगायला नको. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की 'फँड्री' पाहून घरी आल्यावर जुना 'सामना' पुन्हा लावला तर तो वेगळा दिसतो. त्यातल्या गर्दीत उभी असलेली माणसं दिसायला लागतात.

ती माणसं नीट दिसावीत म्हणून आम्ही एक साधं काम सुरू केलं आहे. वस्तीतल्या विहारात महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुना ग्रामीण सिनेमा दाखवायचा आणि मध्येच थांबवायचा. विहिरीचं दृश्य आलं की थांबवायचं, रहाटावर कोण आहे ते पाहायचं. शर्यत जिंकलेला बैल म्हातारा होऊन मेला तर त्याला कोण ओढून नेणार, ते विचारायचं. जत्रेचं दृश्य आलं की हलगीवाल्यावर थांबवायचं. हा हलगीवाला जवळपास प्रत्येक सिनेमात आहे. पाटलाच्या मिरवणुकीच्या पुढे आहे, कुस्तीच्या फडात आहे, बैलाच्या शर्यतीत आहे. त्याच्याशिवाय एकही जत्रा रंगत नाही. त्याला नाव नाही, संवाद नाही, श्रेयनामावलीत तर नाहीच. साठी ओलांडलेल्या बायकांना आम्ही मुद्दाम पुढे बसवतो आणि त्या बोलू लागल्या की मोबाईलवर रेकॉर्डिंग करतो. 'पिंजरा' दाखवला त्या दिवशी एक मावशी पार शेवटपर्यंत गप्प होत्या. सगळे उठायला लागल्यावर म्हणाल्या, "मास्तराचा पुतळा बशिवला. त्या बाईच्या पोटापाण्याचं काय केलं मग गावानं?" त्यावर तरुण पोरं पुढचा तासभर भांडत होती, आणि त्यातली दोन जणं आता गावोगावच्या जलशाच्या जुन्या वह्या शोधत फिरत आहेत.

तुमच्या गावात, तालुक्यात, कुणाच्या माळ्यावर अशा वह्या असतील, हलगी वाजवणाऱ्यांची नावं कुणाला सांगता येत असतील, तंबूतल्या सिनेमाच्या आठवणी सांगणारं कुणी असेल, तर ते लिहून घ्या. माणसं झपाट्यानं जात आहेत. येत्या रविवारी आम्ही 'सामना' लावतो आहोत. सुरुवातीला तो न थांबवता सलग दाखवणार, मग दुसऱ्यांदा फक्त कांबळेचे प्रसंग. ज्यांची नोकरी रात्रपाळीची आहे त्यांच्यासाठी सकाळी दहालाही खेळ ठेवला आहे.

जय भीम.